मुकी पट्टी

रोहिदास, माझा नवरा, वारला त्याला वर्ष झालं तेव्हा सासूने त्याचा कीबोर्ड विकायला काढला. घेणारा आला की मी आधीच सांगून टाकायची, "मधली एक पट्टी मुकी आहे. नाशिकला नेला होता, दुरुस्तीच्या पैशात दुसरा येईल म्हणाले." माणसं चहा पिऊन निघून जायची.

सासू चिडायची. "सांगतेस कशाला? घरात नुसता धूळ खातोय."

चिडू दे. जव्हार-मोखाड्यातली किती लग्नं त्याने यावर वाजवली! फसवून गळ्यात मारायला कीबोर्ड काय म्हातारी शेळी आहे?

मग दाभोशाचा हेमंत आला. तो लग्नात वाजवायला नवीन पार्टी काढत होता. मी पट्टीचं सांगितलं तरी, "बघू तर वहिनी," म्हणत ओट्यावर बसला आणि त्याने हळदीचं गाणं धरलं. रोहिदास सुरुवात करायचा तेच.

बोटं छान चालली होती. मुकी पट्टी आली तिथे मात्र नुसतं 'टक' झालं. हेमंत थांबला.

"यावर दादा लग्नं कशी वाजवायचे?"

"तेवढा सूर ते तोंडाने लावायचे," मी म्हणाले.

हेमंतने हसून गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. ती जागा जवळ आली तसं नागली पाखडणाऱ्या सासूच्या हातातलं सूप थांबलं. मीही श्वास रोखला.

टक.

"अजून एकदा वाजव रे," सासू म्हणाली.