होडीवाल्याला काय सांगितलं

विकायच्या वस्तूचे दोष जो माणूस आपणहून सांगतो, त्याच्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. मी कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात परत आलेला माल तपासते. रोज कोणीतरी काउंटरवर शर्ट ठेवतो आणि म्हणतो, "बाई, बटण जरा सैल निघालं हो." बटण खरंच सैल असतं. पण कॉलर नाकाशी नेली की कळतं, शर्ट आख्खी रात्र नाचून आलेला आहे. छोटा दोष पुढे करायचा आणि मोठा पोटात ठेवायचा, ही युक्ती मला तोंडपाठ आहे.

त्यामुळे होडीवाला फोनवर आमच्या ह्यांना म्हणाला, "उजवीकडची एक फळी बदललेली आहे, आणि पुढच्या टोकाला थोडं पाणी झिरपतं," तेव्हाच माझे कान टवकारले.

ह्यांनी आयुष्यभर लोकांचे पाण्याचे मीटर वाचले. निवृत्त झाले आणि होडीचं खूळ डोक्यात शिरलं. आमच्या वस्तीच्या मागे मोठं तळं आहे. तिथं सकाळी वल्हवत बसायचं म्हणे. मी विचारलं, "अहो, पोहता तरी येतं का तुम्हाला?" तर म्हणाले, "पोहता येत नाही म्हणूनच होडी हवी." यावर काय बोलणार, कपाळ?

जाहिरात मोबाइलवर सापडली. विकणारा राहायला कुठल्या कुठे, दोन गाड्या बदलून दिवसभराच्या वाटेवर. त्यानं पाठवलेले सगळे फोटो होडीच्या एकाच बाजूचे. सुरुवातीला किंमत चारचौघांसारखी सांगितली, आणि आठवडा उलटायच्या आत ती जवळजवळ अर्ध्यावर आली. मी कारण विचारलं. "माणूस चांगला आहे," एवढंच उत्तर मिळालं. चांगला माणूस किंमत अर्ध्यावर आणत नाही. अडलेला आणतो, नाहीतर लबाड.

त्याहून मला खटकलं ते ह्यांचं बोलणं. पहिला फोन ह्यांनी माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर बसून केला. दुसरा गॅलरीत जाऊन. मग चपला घालून खाली जायला लागले. मी वरून बघायची. हे स्कूटरींच्या रांगेपाशी येरझारा घालताहेत, मध्येच थांबताहेत, पलीकडचं काहीतरी मान घालून ऐकताहेत. घरात हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन 'मीठ दे' आणि 'दिवा घालव'. तो रोज संध्याकाळी होडीबद्दल तासभर काय बोलत होता? आख्खं जहाज घ्यायचं असतं तरी एव्हाना बोलणं संपलं असतं.

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात नको नको ते आलं. पलीकडे होडीवाला आहे की होडीवाली, इथपर्यंत. एकदा दुकानातल्या फोनवरून मी तो नंबर फिरवला. "हॅलो, बोला," एका म्हाताऱ्या पुरुषाचा जाड आवाज आला. मी फोन ठेवून दिला. एक शंका गेली, पण बाकीच्या होत्या तिथंच होत्या. माझ्या मते तो थेरडा ह्यांना घोळात घेत होता. आज गोड बोलेल, उद्या विसार मागेल, परवा नंबर बंद.

"विसार पाठवायचा नाही," मी बजावलं. "आधी माल डोळ्यांनी बघायचा. मी येणार बघायला."

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "तू कशाला? दगदग होईल तुला. मी जाऊन येतो ना."

तीस वर्षांत माझ्या दगदगीची काळजी ह्या माणसानं कधी बोलून दाखवली नव्हती. मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

वाटेत हे खिडकीबाहेर बघत बसले. दोनदा माझ्याकडे वळून तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. उतरल्यावर म्हणाले, "तू इथं स्टँडवर बस, चहा घे. मी बघून येतो पटकन." मी ह्यांच्या पुढे चालायला लागले. पत्ता मला पाठ होता.

नदीकाठच्या गल्लीतलं शेवटचं घर. पत्र्याचं फाटक, मागे छोटं अंगण, अंगणात निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी लांबट. दार उघडलं तो माणूस उंच, हाडापेरानं मोठा, वयानं सत्तरीकडे झुकलेला. ह्यांना बघून त्याचा चेहरा उजळला. हात पसरून पुढे आला आणि ह्यांना मिठीच मारली. मग त्याला मी दिसले.

"आणि ह्या?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "ही... बहीण माझी."

तीस वर्षांची बायको, आणि बहीण! पण काउंटरवर एक गोष्ट मी शिकले आहे. समोरचा खोटं बोलला की ओरडायचं नाही. त्याला बोलू द्यायचं, तो स्वतःच पुढचं सगळं बाहेर काढतो. मी नमस्कार केला. "हो, बहीण," मी म्हटलं, आणि ह्यांच्याकडे असं बघितलं की ह्यांनी समोर आलेलं पाणी न पिताच ग्लास खाली ठेवला.

होडी बघायला गेलो. म्हाताऱ्यानं ताडपत्री ओढली. होडी विटांवर ठेवलेली, आतून पिवळी रंगवलेली. त्यानं आपणहून बदललेली फळी दाखवली, झिरपायची जागा दाखवली. फोटो एकाच बाजूचे का, ते मी विचारलं. "दुसरी बाजू भिंतीला टेकलेली होती, ताई. मला एकट्याला ती हलत नाही." मी भिंतीकडची बाजू हात फिरवून बघितली. ठीक होती. तेवढ्यात मला वल्ही दिसली, आणि वाटलं, सापडला चोर. मुठीची जागा झिजून गुळगुळीत झालेली, पण झीज अगदी अरुंद. ह्या माणसाचा पंजा सुपाएवढा.

"काका, ही वल्ही तुम्ही वापरलेली नाहीत," मी म्हटलं. "होडी तुमची आहे ना नक्की?"

"नाही वापरली," तो म्हणाला. "माझा खांदा निखळलेला, जुनं दुखणं. वल्ही ती मारायची. मी समोर बसून नुसती बडबड करायचो. लोक हसायचे आम्हाला." त्यानं वल्ह्याच्या मुठीवर अंगठा फिरवला. "दोन वर्षं होतील आता तिला जाऊन."

हे घाईघाईनं गुडघ्यावर बसले आणि होडीच्या खाली सरपटत गेले, तळ बघायला. खरं तर तोंड लपवायला.

"चला, चहा टाकतो," काका मला म्हणाले. "ते बघू देत निवांत."

स्वयंपाकघर लहान आणि लखलखीत होतं. ओट्यावर एकच ताट पालथं घातलेलं. काकांनी आधण ठेवलं आणि पाठमोरेच बोलायला लागले.

"तुमचे भाऊ आहेत म्हणून मी टिकलो, ताई. दुसऱ्याच फोनवर मी बोलून गेलो, बायकोची होडी आहे, ती गेली म्हणून विकतोय. तर पलीकडून म्हणाले, माझीपण गेली. दोन वर्षांपूर्वीच. तेव्हाच मी ठरवलं, किंमत निम्मी करायची, पण होडी ह्यांनाच द्यायची. ज्याला कळतं त्याच्याकडे जाऊ दे."

तर हे असं होतं. मी जिवंत, दोन वेळचं जेवणारी, ह्यांच्या बनियनींना नीळ घालणारी बाई, आणि ह्या माणसानं मला होडीच्या भावात सूट मिळावी म्हणून मारून टाकलं होतं! तेही खऱ्याखुऱ्या एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यापुढे! मला वाटलं, तडक अंगणात जावं आणि होडीच्या खालून बाहेर आलेले दोन पाय धरून ह्यांना ओढून काढावं.

"वहिनींबद्दल किती बोलतात," काका पुढे म्हणाले. "म्हणतात, महासंशयी होती. दाराला कुलूप लावलं की परत येऊन दोनदा ओढून बघायची. दूधवाल्यावर संशय, डॉक्टरवर संशय, माझ्यावर तर होताच. म्हणतात, ती असताना मला कशाचीच काळजी करावी लागली नाही, सगळ्यांच्या वाटची काळजी ती एकटीच करायची. आता रात्री उठून मीच कुलूप ओढून बघतो. फोनवर रडले होते तेव्हा."

"रडले?" मी म्हटलं. सासूबाई गेल्या तेव्हाही ह्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

"ते जिन्यातलं सांगताना रडले. तुम्हाला माहीतच असेल."

मला माहीत नव्हतं. पण बहिणीला माहीत असायला हवं होतं. "मला कधी नीट सांगितलं नाही त्यानं," मी म्हटलं. हे वाक्य खोटं बोलायचं म्हणून उच्चारलं, आणि उच्चारताना कळलं की ते खरंच आहे.

"ऑपरेशन झालेलं, पण रक्त थांबत नव्हतं. परत आत नेलं. ह्यांना सांगितलं, वेळ लागेल, खाली जाऊन या. हे खाली गेले, सवयीनं दोन कप चहा घेतला, आणि वर येताना जिन्यात वॉर्डबॉय भेटला. म्हणाला, काका, तुमच्या बाई गेल्या. झालं. हातात दोन कप. ते कुठं ठेवायचे सुचेना, म्हणून कितीतरी वेळ तसेच उभे होते म्हणे. लोक बाजूनं जात होते. कप गळून पडले तर कोणाच्या अंगावर चहा सांडेल, एवढंच डोक्यात येत होतं."

आधण उकळून वर आलं. काकांनी गॅस बारीक केला.

दोन वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. ते चिघळलं होतं, एवढं मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मी शुद्धीवर आले तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. आदल्या दिवशी तिथं माझ्याच वयाची एक बाई होती. आणि हे माझ्या उशाशी बसून पेपर वाचत होते. मला बघून म्हणाले, "उठलीस? बरं झालं. गॅसचा नंबर कुठल्या फोनवरून लावतात ते सापडत नव्हतं." ह्या वाक्यावरून मी ह्यांना पुढे सहा महिने घालूनपाडून बोलले होते. दगड आहे हा माणूस, असं माझ्या बहिणीला सांगितलं होतं.

वॉर्डबॉयची खाटांत गल्लत झाली असणार; गेली होती ती शेजारची. किती वेळ टिकली ती गल्लत? जिना चढून वर येईपर्यंत? की मला बाहेर आणेपर्यंत?

काकांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर इतका भाबडा भाव होता की मला ते सहन होईना.

"काका," मी म्हटलं, "मी त्यांची बहीण नाही. ती बाई मीच."

त्यांना आधी समजलंच नाही. मग ते माझ्याकडे बघत राहिले, पायापासून डोक्यापर्यंत, मी परत आलेला माल बघते तसे.

"आणि जिन्यातलं?"

"ते खरं असणार," मी म्हटलं. "ते ह्यांना रचून सांगता येणार नाही. एवढी अक्कल नाही ह्यांना."

काका कप तिथंच ठेवून अंगणात गेले. मी मागोमाग. हे होडीच्या खालून बाहेर येत होते, बाहीला डांबर लागलेलं. आमच्या दोघांचे चेहरे बघितले आणि उठायचे ते अर्ध्यातच थांबले.

"होडी विकायची नाही मला," काका म्हणाले आणि ताडपत्री ओढायला लागले. एका खांद्यानं ती नीट ओढली जाईना. हे मदतीला पुढे झाले, तसे काका म्हणाले, "राहू द्या." मग आवाज न चढवता म्हणाले, "तुमची परत आली ना? मग घेऊन जा तिला घरी. मला कशाला फोन करत होतात रोज?"

हे "माफ करा" म्हणाले, ते काकांना ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

स्टँडवर आलो. बाकावर बसल्यावर मी सुरुवात केली.

"किंमत कमी व्हावी म्हणून मारलंत मला?"

"आधी तेवढ्यासाठीच," हे म्हणाले. "तोंडातून गेलं. एकदम निम्मी केली त्यांनी. मला लाज वाटली, पण मागे घेता येईना."

"आणि नंतर? व्यवहार तर ठरला होता. मग रोज संध्याकाळी काय होतं?"

हे बाहीवरचं डांबर नखानं खरवडत बसले. मला वाटलं, झालं, आता 'मीठ दे' आणि 'दिवा घालव'.

"ते विचारायचे, आज कसे आहात," हे म्हणाले. "मला कोणी विचारलंच नव्हतं. सगळे तुला बघायला यायचे, फळं घेऊन. तू तर वाचली होतीस. ज्याची बायको वाचली त्याला कोण विचारतं?"

मीही विचारलं नव्हतं. ज्या बाईला शेजारणीच्या पिशवीत काय आहे ते विचारल्याशिवाय जिना चढवत नाही, तिनं.

माझा राग गेला नव्हता. त्या म्हाताऱ्याचं तोंड डोळ्यापुढून हलत नव्हतं, आणि ह्यांना त्याबद्दल मी सोडणार नव्हते. पण तो हिशेब घरी करता आला असता.

"जिन्यात कुठं उभे होतात?" मी विचारलं. "खालच्या वळणावर की वरच्या?"

"जाऊ दे ना आता. तुला माहीत आहे सगळं."

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "मी तर गेले होते. पहिल्यापासून सांगा."