बादलीतलं गूळपाणी

जोतिराम माझा एकुलता एक मुलगा. तो जुळे सोलापुरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, टेम्पो चालवतो आणि माझ्याशी बोलत नाही. इकडे मंगळवेढ्याजवळच्या वस्तीवर मी आणि चार मेंढ्या. बायको कधीच गेली. मेंढ्यांशी मी पुष्कळ बोलतो, पण त्या निवांत रवंथ करत बसतात. म्हातारा रडगाणं गातोय असं वाटत असेल तर वाटू दे.

दरवर्षी ज्वारी निघाली की आमचा कळप इमामसाबच्या रानात बसायचा. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंड्यांचं खत पडतं आणि त्याबद्दल शेतकरी धान्य देतो. इमामसाब आणि मी लहानपणापासूनचे सोबती. धान्य मोजताना त्याचा हात कायम आखडता. मी त्याला तोंडावर चिकट म्हणायचो आणि तो मला भिकारी. त्याची बायको जुलेखाभाबी मात्र चटणी-भाकरी इतकी द्यायची की कुत्र्यालाही पुरायची.

गेल्या वर्षी ज्वारी काढल्यावर अवकाळी पाऊस झाला. कापलेल्या धाटांना बुडातून हिरवेगार फुटवे आले. उपाशी मेंढरांना ते कोवळे फुटवे म्हणजे विष, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला गेलो होतो. कळप जोतिरामवर सोपवला होता, त्यात निम्मी मेंढरं माझ्या धाकट्या भावाची, मायाप्पाची. जोतिरामनं फोन बघत बघत तो उपाशी कळप इमामसाबच्या फुटव्यांत सोडला.

मेंढरं फेस गाळत पडायला लागली. इमामसाबनं बांधावरून बघितलं. धावत घरी गेला, बादलीत गूळ कालवून आणला आणि एकेकीचा जबडा उघडून पाजत सुटला. गूळपाणी हा त्यावरचा जुना उतारा. थोडी वाचली, बरीच गेली. तेवढ्यात मायाप्पाचा मुलगा गुरु तिथं पोचला. त्यानं लांबूनच मोबाईलवर शूटिंग घेतलं. त्यात दिसतं ते एवढंच, की एक दाढीवाला म्हातारा मेंढरांच्या तोंडात काहीतरी ओततोय आणि मेंढरं तडफडून मरतायत.

डोळ्याला पट्टी बांधून मी एसटीतून उतरलो, तोवर ते शूटिंग पार मोडनिंबपर्यंत फिरलं होतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'विष पाजलं.'

जोतिराम घरामागे बसला होता. मला बघून लहान पोरासारखा रडायला लागला.

"तात्या, मीच घातली फुटव्यात. उपाशी हुती. चाचानं घरातला सगळा गूळ कालवून पाजला. कुणाला सांगू नगा. काका मला जित्ता सोडायचा न्हाय."

"न्हाय सांगत," मी म्हणालो आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आईविना वाढलेलं पोर. दुसरं काय म्हणणार होतो?

दिवस मावळायला मायाप्पा आला. त्याच्यामागे मोटरसायकली, त्यांवर तरणी पोरं. हातात काठ्या, एकाकडे पेट्रोलचा कॅन. मायाप्पानं माझ्या अंगणात घोंगडी अंथरली आणि पुढे भंडाऱ्याची वाटी ठेवली. घोंगडीवर बसून बिरोबाचा भंडारा उचलला, की आमच्यात तो शब्द शेवटचा. त्यावर पुन्हा कुणी विचारत नाही.

"आण्णा, भंडारा उचल आन एकदा सांग, इमामसाबनंच मारली म्हणून. फुडचं आमी बघतो."

मी घोंगडीवर बसलो. दूर रानापलीकडे इमामसाबचं घर दिसत होतं. दार बंद, अंगणात कुणी नाही. जोतिराम दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होता. गप्प राहायचीही सोय नव्हती. मी गप्प राहिलो असतो तर त्यांनी ते हो धरलं असतं. खरं बोललो तर पोरगा जाणार, खोटं बोललो तर इमामसाबचं घर जाणार. मला भीती वाटली, आणि ती इमामसाबसाठी नव्हती. या घरात एकटं राहायची भीती होती. ती इतकी वाटली की माझा हात वाटीपर्यंत जाईना.

मग मला इमामसाबचे हात आठवले. धान्य देताना एवढे आखडणारे हात, आणि त्यानं घरातला सगळा गूळ त्या बादलीत ओतला होता.

मी भंडारा उचलला.

"मेंढरं माझ्या पोरानं मारली. उपाशी कळप फुटव्यात घातला. त्या बादलीत गूळ हुता. मायाप्पा, माझी वाचलेली मेंढरं तू घिऊन जा. आन काठ्या घिऊन कुणाच्या दारात जायचंच आसंल, तर ते दार हे हाय."

"खरं व्हय रं, जोत्या?" मायाप्पानं विचारलं.

जोतिराम आत गेला. मायाप्पानं डोकं धरलं, मग घोंगडी झटकून उठला आणि माझ्यासाठी चार मेंढ्या ठेवून बाकीची घेऊन गेला. पोरं एकेक करून निघाली. गाड्या चालू करताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

सकाळी जोतिराम पिशवी घेऊन निघाला.

"तुमी शबुद दिला हुता, तात्या."

"व्हय, दिला हुता."

एवढंच बोलणं झालं. पुढे त्यानं लग्न केलं तेही मला दुसऱ्याकडून कळलं. एकदा ज्वारीचं पीठ घेऊन मी त्याच्याकडे गेलो. सून प्रियंका दारात आली. "ते ड्युटीवर गेलेत, मामा," म्हणाली. पोर बरी आहे, खोटं बोलताना तिचा चेहरा पडला. त्याच्या चपला दारातच होत्या. मी पीठ ठेवलं आणि परत आलो.

इमामसाब त्यानंतर एकदाच आला. अंगणात बसला, डोळे पुसले आणि चहा न घेता गेला. यंदा त्यानं खताच्या गोण्या आणल्या, आमच्यातल्या कुणालाच बोलावलं नाही. मला संताप आला. अरे चिकट्या, तुझ्यापायी पोरगा घालवला मी! मग वाटलं, माझं अंगण दिसलं की त्याला त्या काठ्या दिसत असतील. पण कळून काय उपयोग? चटणी-भाकरीची आठवण यायची ती येतेच.

परवा गुरु आला. मान खाली, हातात फोन. ते जुनं शूटिंग कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा सोडलं होतं. म्हटलं, आता पुन्हा कोण घोंगडी अंथरणार, आणि पुन्हा मी काय देणार? द्यायला आता उरलंय काय?

"तसं न्हाय, तात्या. त्याच्याखाली हे आलंय. ऐका की."

त्यानं बटण दाबलं. टेम्पोच्या इंजिनाचा आवाज, आणि मग वर्षभरात न ऐकलेला आवाज.

"मी जोतिराम सिद्धाप्पा बोलतोय. त्या बादलीत गूळ हुता. मेंढरं मी मारली. माझ्या बापानं भंडारा उचलून सांगितलं ते खरं हाय. इमामसाब चाचाच्या दारात कुणी जायाचं न्हाय."

बस, तेवढंच. ते सगळ्या ग्रुपला होतं. मला हाक नव्हती, कसे आहात म्हणून विचारणं नव्हतं. गुरु फोन खिशात घालायला लागला, तसा मी त्याचा हात धरला.

"गुरु, परत एकदा लाव."