झाकणरावांचा शिक्का

विद्यापीठाच्या कुलसचिवांना कचेरीत समोरासमोर सगळे ‘साहेब’ म्हणत, आणि पाठ वळली की ‘झाकणराव’. हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं. पण ज्याने ठेवलं त्याचं भलं होवो, असं माहितीबाईंना दिवसातून एकदा तरी वाटे.

माहितीबाई म्हणजे विद्यापीठाच्या माहिती अधिकारी. लोकांनी अर्ज करून विद्यापीठाचे कागद मागायचे आणि बाईंनी ठरवायचं, कुठला द्यायचा आणि कुठला राखायचा. त्यांचा आवाज इतका हळू की खिडकीशी आलेल्या माणसाला वाकूनच ऐकावं लागे. या आवाजामुळे बाई साध्या आहेत असा बऱ्याच जणांचा समज होई, आणि बाई तो मोडत नसत.

शिक्क्याची गोष्ट पडद्यांपासून सुरू झाली. कुणीतरी अर्ज केला की कुलगुरूंच्या बंगल्यातले पडदे कुठल्या दुकानातून आले ते कळावं. ते मेहुण्याच्या दुकानातून आले होते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कागदावर यायचं तेवढं बाकी होतं. बाई कागद देणार, तेवढ्यात झाकणरावांनी लाल शाईचा एक शिक्का करून घेतला. ‘गोपनीय.’ पडदे कपाटात गेले.

मग साहेबांना त्याची गोडीच लागली. बागेतल्या रोपांची यादी गोपनीय झाली, सायकल शेडचा नकाशा गोपनीय झाला, आणि शिपायाने पंखा दुरुस्त करून मागितला होता तो अर्जही गोपनीय होऊन कपाटात पडला. पंखा अजून बंदच आहे. शेवटी साहेबांनी परिपत्रक काढलं: शिक्का असलेला कागद गोपनीयता समितीच्या मंजुरीवाचून इमारतीबाहेर जाणार नाही, त्यातला मजकूर तोंडीही कुणी सांगणार नाही, सांगितल्यास विभागीय चौकशी होईल, आणि कागदात खाजगी माहिती आहे असं वाटल्यास कुठल्याही अधिकाऱ्याने शिक्का मारावा.

समितीही त्यांनीच नेमली. तिची पहिली बैठक बोलावणाऱ्या सूचनेवर त्यांनी मोठ्या हौसेने स्वतःच्या हाताने शिक्का मारला. त्यामुळे सूचना बाहेरच्या सदस्यांकडे जाऊ शकली नाही, त्यामुळे बैठक झाली नाही, आणि त्यामुळे सूचनेला मंजुरी द्यायला कुणी उरलं नाही. साहेबांच्या हे अजून लक्षात आलं नव्हतं. बैठका होत नाहीत म्हणजे कारभार सुरळीत आहे, असं ते समजत.

एक मुलगी आली ती शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला. खिडकी बंद व्हायची वेळ, खांद्यावर चेन तुटलेली सॅक.

“मॅडम, माझी चौकशी करायला कुणी आलं तर?”

“कोण येणार?”

“बाबा,” ती म्हणाली, आणि मागे वळून दाराकडे बघितलं.

बाईंनी फॉर्म पुढे केला. आपण इथे शिकतो हे कुणालाही सांगू नये, अशी विनंती करायचा. कारणाचा रकाना त्यावर नव्हता; बाईंनीच भांडून तो काढायला लावला होता.

“मी आता काय करू?” सही करून तिने विचारलं.

“शीक,” बाई म्हणाल्या. “बाकीचं माझ्याकडे.”

दिलेला शब्द म्हणजे बाईंना रोजच्या नेमासारखा. तो मोडला तर जेवण गोड लागत नाही.

परीक्षा तोंडावर आल्या आणि बाप आला. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधाळ. अर्जात विचारलं होतं: ‘माझी मुलगी आपल्याकडे शिकते काय? शिकत असल्यास कुठे राहते?’ असेच अर्ज त्याने इतर विद्यापीठांतही टाकले होते, तसं त्याने स्वतःच सांगितलं. अर्ज खिडकीवर दिला आणि तो थेट साहेबांच्या खोलीत चहाला गेला. बाहेर आला तेव्हा साहेब त्याला दारापर्यंत सोडायला आले होते. कुलगुरू सोडून कुणासाठी साहेबांची खुर्ची हललेली कचेरीने पाहिली नव्हती.

बाईंनी नेहमीचं उत्तर लिहिलं. ‘एखादी व्यक्ती येथे शिकते किंवा शिकत नाही, यांपैकी काहीही विद्यापीठ कोणालाही सांगत नाही.’

साहेबांनी बोलावून घेतलं. “हे काय लिहिलंय, बाई? नुसतं सिमेंट कालवलंय. समोर बाप आहे हो!”

“म्हणूनच, साहेब.”

“काही काळीज आहे की नाही तुम्हाला? थांबा. मी उत्तर लिहिलंय, ऐका.” साहेबांनी चष्मा चढवला आणि पत्राची प्रत हातात धरून कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केल्यासारखं वाचलं. “‘आपल्या कन्येने स्वतःविषयीची माहिती न देण्याची लेखी विनंती केलेली असल्याने, तिच्या वसतिगृहाचा व खोलीचा तपशील देता येत नाही, याचा आम्हांस मनःपूर्वक खेद वाटतो.’ कसं वाटतं?”

इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या डोक्यात इतकी रिकामी जागा असू शकते, याचं बाईंना अजूनही नवल वाटे.

“साहेब, यात तर सगळंच सांगितलंय.”

“काय सांगितलंय? नकार आहे! चांगला खणखणीत नकार आहे!”

“मुलीने विनंती केली म्हणजे मुलगी इथे आहे. खोली सांगता येत नाही म्हणजे वसतिगृहात आहे. वसतिगृहाला फाटक एकच. त्यांनी तिथे उभं राहायचं, एवढंच उरलं.”

“तुम्ही फार तिरका विचार करता. नाही म्हणायचं, आणि वर कशाला नाही म्हटलं तेही कळू द्यायचं नाही? असा कुठे कारभार असतो?”

“पडद्यांच्या वेळी होता,” बाई म्हणाल्या, पण इतक्या हळू की साहेबांना ऐकू आलं नसावं. आलं असलं तर त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

“माझी सही झालीय,” साहेब म्हणाले. “आणि माझ्या सहीचा कागद मी मागे घेत नाही. पत्र जावकला दिलंय. उद्या ते स्वतः येऊन घेऊन जाणार आहेत. तुमचं ते सिमेंट ठेवा तुमच्याकडे.”

संध्याकाळी घरी बाई आणि सासूबाई चादरीची घडी घालत होत्या. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. घरात काही बोलायचं असलं की दोघी चादर काढत.

“बापाला लेकीचा पत्ता सांगायचा नाही, हे गं कुठलं ऑफिस तुझं?” सासूबाई म्हणाल्या.

“मोठी आहे ती, आई. तिचं ती ठरवते.”

“असेना मोठी. माया असते माणसाची.”

“असेलही. मला काय माहीत?”

“मारायचा का तो तिला?”

“विचारलं नाही मी.”

“अगं, मग विचारायचं नाही?”

“विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं. लिहिलं की तो कागद झाला. कागद झाला की कुणीतरी मागायला येणार.”

सासूबाईंनी चादर जोराने ताणली. “बरोबर केलंस. आणि तुझा तो झाकण्या? एरवी उठता बसता झाकत असतो ना सगळं?”

“त्यांना पडदे झाकता येतात. मुलगी नाही झाकता येत.”

“मग त्याच्या पत्रावरच घाल की एखादं झाकण, मेल्याच्या!”

सासूबाई पुढे आल्या आणि आपली टोकं सुनेच्या हातात द्यायला लागल्या, तर सून घ्यायलाच तयार नाही. ती भिंतीकडे बघत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

सकाळी बाई आधी जावक विभागात गेल्या. जावक कारकून टेबल पुसत होता.

“साहेबांचं कालचं पत्र द्या जरा. आणि शिक्का.”

“कुठला? तो?” कारकुनाचे डोळे चमकले. “साहेबांच्याच पत्रावर?”

“त्यात एका विद्यार्थिनीची खाजगी माहिती आहे. परिपत्रक वाचलंय ना तुम्ही?”

“वाचलंय म्हणजे काय, बाई! रोज चहाचा कप त्याच्यावरच ठेवतो.”

बाईंनी शिक्का शाईत नीट दाबला आणि साहेबांच्या सहीच्या अगदी डोक्यावर मारला. कारकुनाने नियमाप्रमाणे पत्र उचललं आणि कपाटात, पडद्यांच्या शेजारी ठेवलं.

साहेबांना कळायला वेळ लागला नाही. ते खिडकीशी आले तेव्हा मान लाल झाली होती.

“माझ्या पत्रावर शिक्का? माझ्या?”

“तुमच्याच परिपत्रकाप्रमाणे, साहेब.”

“काढा तो!”

“काढता येत नाही. समितीची मंजुरी लागते.”

“मग बोलवा समिती!”

“सूचना कपाटात आहे. तुमच्या हाताचा शिक्का आहे तिच्यावर.”

साहेबांनी सूचना, शिक्का, समिती असं बोटांवर मोजून पाहिलं. बाईंना वाटलं, माणसाच्या डोक्यात प्रकाश पडताना बघणं ही खरं तर आनंदाची गोष्ट असायला हवी. पण इथे दिवा इतका मिणमिणता होता की आनंद होण्याइतकं काही दिसतच नव्हतं.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “ते येतीलच आता. मी तोंडीच सांगतो. बघतो कोण अडवतं ते.”

“मी नाही अडवत, साहेब. फक्त तोंडी सांगितलं तर विभागीय चौकशी, असं त्यात आहे. आणि कुणी चौकशी मागितली, तर ती नोंदवून घेणं माझं काम आहे.” बाई आणखी वाकल्या आणि आणखी हळू बोलल्या. “निवृत्ती जवळ आलीय तुमची, म्हणून आठवण केली.”

साहेबांनी बाईंकडे बघितलं. मग फाटकाकडे बघितलं. मग खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

बाप आला. बाईंनी खिडकीतून आपलं उत्तर पुढे केलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि गोड हसला.

“म्हणजे आहे ती इथे.”

“तसं त्यात लिहिलेलं नाही.”

“नसती तर ‘नाही’ म्हणाला असतात.”

“नसती तरी हेच लिहिलं असतं. तुम्ही शेजाऱ्याच्या मुलाचं विचारा, तरी हेच मिळेल.”

“आणि तुमचे कुलसचिव? ते आहेत का इथे, की तेही सांगत नाही?” आता आवाजातला मध आटला होता.

“ते कामाला आहेत, हे सगळ्यांसाठी खुलं आहे,” बाई म्हणाल्या. “काम करतात का, याची नोंद मात्र आमच्याकडे उपलब्ध नाही.”

मागे जावक कारकुनाला ठसका लागला.

बाप साहेबांच्या खोलीकडे गेला. आता जे काही होतं ते साहेबांच्या जिभेवर होतं, आणि त्या जिभेचा भरवसा बाईंनी कधीच धरला नव्हता. दार किलकिलं होतं.

“माफ करा,” आतून साहेबांचा आवाज आला, चिरका. “मला याबाबत काहीही सांगता येणार नाही.”

“काल तर तुम्ही...”

“काल मी काहीच म्हणालो नाही! कुणीच काही म्हणालं नाही! चहा घेणार का? नको? बरं, बरं.”

एका पोरीसाठी हा माणूस तोंड मिटणार नव्हता. निवृत्तिवेतनासाठी ते कसं पटकन मिटलं. भित्रेपणाने का होईना, आयुष्यात पहिल्यांदा त्याने योग्य गोष्ट झाकली. त्याचे आभार मानावेत असं बाईंना मुळीच वाटलं नाही.

बाप बाहेर आला. खिडकीशी थांबून त्याने घडी केलेला एक कागद उलगडला. त्यावर विद्यापीठांची नावं होती. “इथे काही मिळायचं नाही,” असं पुटपुटत त्याने या विद्यापीठाच्या नावावर पेनाने काट मारली. गाडी फाटकाबाहेर पडून उजवीकडे वळेपर्यंत बाई बघत राहिल्या.

दुपारी मुलगी समोरच्या व्हरांड्यातून गेली. सॅकला नवी चेन होती. मैत्रिणीला कसलंतरी उत्तर चुकल्याचं तावातावाने सांगत होती. खिडकीपाशी आल्यावर तिने बाईंना ओळखलं आणि हसली.

बाईंनी ओळख दाखवली नाही. मान खाली घालून त्यांनी पुढचा अर्ज उघडला. कुणीतरी पुन्हा पडद्यांचंच विचारलं होतं.