दुधी रंगाची कड

नाण्यावरची दुधी झाक अक्षराच्या पायाशी येऊन थांबत होती. एकदम, विळीने कापल्यासारखी... आणि त्यापुढे लगेच आरसा, इतका नितळ की भिंगातून पाहणाऱ्या विनिताला स्वतःच्या पापण्या दिसल्या. तिने भिंग पदराने पुसलं, पुन्हा लावलं. भिंगावर काही नव्हतं.

“ठीक आहे ना, ताई?” पीयूषने विचारलं. तो तलासरीच्या एका शाळेत शिक्षक होता. उद्या शाळेत त्याच्या नाण्यांचं प्रदर्शन होतं आणि प्रत्येक नाण्याखाली ‘तपासले : विनिता चुरी’ अशी चिठ्ठी लावायची होती. “हा सेट बाबांनी थेट टांकसाळीतून मागवलेला. सील तर तुम्हीच फोडलंत.”

हो, सील तिनेच फोडलं होतं. शंकेला जागाच नव्हती. बाजारात फिरवायला नव्हे तर जपून ठेवणाऱ्यांसाठी घडवलेलं हे शंभर रुपयांचं स्मारक नाणं – प्रूफ – असंच दिसायला हवं. मग शेजारी, मखमली डबीत, तिने ताडून पाहायला नरपडच्या घरून आणलेलं तिचं स्वतःचं नाणं... त्याची दुधी झाक अक्षराच्या पायावरून खाली उतू गेली होती. आरशावर बारीक रेषा होत्या, सगळ्या एकाच दिशेने, कापडाच्या चाकावर घासल्यासारख्या. या रेषा आधी नव्हत्या? होत्या. मी पाहिल्याच नाहीत.

नवऱ्याने ते मुंबईहून आणलं होतं, त्याच्या शेवटच्या आजारपणाच्या वर्षभर आधी. वाडीतल्या चिकूच्या करंड्यांवर बसून त्याने डबी उघडली होती आणि म्हणाला होता, “बघ, तुझं तोंड दिसतंय.” त्या नाण्याशेजारी ठेवून तिने गेल्या सात वर्षांत कितीतरी नाणी तपासली – ही खरी, ही खोटी – पण ते स्वतः कधी भिंगाखाली गेलं नाही. देव्हाऱ्यातल्या देवाला कोणी कसोटीवर घासतं का?

आणि मग हितेश आठवला. आठवला कसला, तो पहिल्या क्षणापासून तिच्या मनात उभाच होता, ती त्याच्याकडे पाहत नव्हती एवढंच.

“नाणं चांगलं आहे तुझं,” ती पीयूषला म्हणाली. तिने चिठ्ठीवर सही केली आणि स्वतःची डबी मिटून पिशवीत टाकली.

बसमध्ये तिने पिशवी पोटाशी धरली. दोन वर्षांपूर्वी, २०१५च्या दिवाळीनंतरचा रविवार... डहाणूच्या वाचनालयात नाण्यांचे सगळे छंदी जमले होते. डहाणू रोडला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या हितेशने असंच एक नाणं आणलं होतं, लहान मुलाला धरावं तसं दोन्ही हातांनी. तिने ते आपल्या नाण्याशेजारी ठेवलं. दोघांत फरक होता : त्याच्या नाण्याची दुधी झाक आज पीयूषच्या नाण्याची थांबली तशीच थांबत होती, तिच्या नाण्याची नाही. फरक तर तिला बरोबर दिसला होता! नजर चुकली नव्हती, मग काय चुकलं होतं... संध्याकाळी तिने छंदींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘नकली. पॉलिश केलेलं.’ खाली अंगठेच अंगठे. हितेश त्याच रात्री ग्रुप सोडून गेला. पुढे लोक दुकानात घड्याळ उचलताना हसून विचारू लागले म्हणे, “हे तरी असली ना, हितेशभाई?” हे तिला कळलं होतं. आणि कळल्यावर तिला – नाही, वाईट वाटलं नव्हतं. आपल्या शब्दाला वजन आहे असं वाटलं होतं.

आशागडचा थांबा गेला. सरळ नरपडची रिक्षा धरावी. कोणाला कळणार? पीयूष दोन नाणी शेजारी ठेवून पाहणार नाही. पण त्याने पाहिलं तर? तिची डबी त्याच्या टेबलावर किती वेळ उघडी होती?

ती दुकानात शिरली तेव्हा हितेश डोळ्याला भिंग लावून बसला होता.

“या, विनिताबेन.” त्याने भिंग काढलं नाही.

“ते नाणं... आहे अजून?”

त्याने खणात हात घातला. पट्टे, चाव्या, जुने सेल, त्यांतून ते वर आलं. डबी नव्हती. “निधी खेळते त्याने. दुकान-दुकान.” निधी त्याची मुलगी. “नकली जपून काय करायचं?”

विनिताने ते उजेडात धरलं. आरसा उरलाच नव्हता. बोटांचे डाग, ओरखडे, दुधी चित्र घासून काळपट झालेलं. ती कड जिथे असायला हवी होती तिथे मळाची रेघ होती. ते खरं की खोटं, हे आता जगातला कोणताही जाणकार नजरेने सांगू शकला नसता. म्हणजे सुटलो आपण, हे तिच्या मनात आलं आणि तिने नाणं पटकन काउंटरवर ठेवलं.

“हितेशभाई, हे खरं होतं. माझं खोटं आहे.”

त्याने भिंग काढलं. 

“तपासून सांगता, की असंच?”

 पीयूषचं नाणं, सील, रेषा, सगळं सांगता आलं असतं, आणि त्याने मानही डोलावली असती. पण तो नाण्याबद्दल विचारतच नव्हता, तिच्या त्या दिवशीच्या शब्दाबद्दल विचारत होता. दुकानातली घड्याळं आपापल्या वेळा दाखवत होती. पकडलं जायची सकाळपासूनची भीती सैल होत होती, आणि तिच्या जागी जे येत होतं ते काय आहे, हे पारखायला तिच्याकडे काहीच नव्हतं. ती स्टुलावर बसली. त्याने ‘बसा’ म्हटलं नव्हतं.