मी बसलोय ना

आमच्या मामाचं एक वाक्य कायम तयार असतं. कुणाचं लग्न अडो, कुणाची बदली अडो, नाहीतर नळ गळो, मामा मांडीवर थाप मारून म्हणणार, "काळजी कशाला करता? मी बसलोय ना!"

आई गेल्यावर बाबांना हे वाक्य औषधासारखं लागू पडायचं. बाबा शिंपी. माणसाच्या खांद्याचं माप नुसत्या नजरेनं घेतील, पण शब्दाचं माप त्यांना कधी घेता आलं नाही.

मला एम.ए.ला प्रवेश मिळाला, तेव्हा मामाचं शैक्षणिक कर्ज मिळवून द्यायचं ऑफिस नुकतंच सुरू झालं होतं. मी विचारलं होतं, "मामा, हुशार मुलांना फी माफ होते ना रे?"

"ते आपल्यासारख्यांसाठी नसतं, वेडे. कर्ज घे आणि ऐटीत शीक."

सही करताना बाबा थबकले. "हप्ते थकले तर?"

"भाऊजी, मी बसलोय ना!"

बाबांना वाटलं, मामा जामीन राहिला. सरळ माणूस दुसरा काय अर्थ घेणार? कागदावर जामीन म्हणून बाबाच होते, दुकानासकट.

मी शिकले, नोकरीला लागले, हप्ते फेडू लागले. मग बाळाच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी उठूच नका म्हणून सांगितलं आणि नोकरी गेली. नवऱ्याचा पगार घरभाड्यातच संपायचा. वसुलीवाला बाबांच्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर ठाण मांडू लागला. बाबांनी मामाला फोन केला. मी माहेरी पलंगावर पडल्यापडल्या ऐकत होते, फोनचा आवाज मोठा होता.

"अहो भाऊजी, मी बसलोय म्हणजे तुमच्या पाठीशी बसलोय. कागदावर थोडाच बसलोय?"

आणि हसला. ते हसू मी अजून विसरले नाही, विसरायचा विचारही नाही.

बाबांनी दुकान विकलं. आता त्याच दुकानात, त्याच यंत्रावर, नव्या मालकाचे नोकर म्हणून बसतात. तरी कर्ज पुरतं फिटलं नाही. उरलेले हप्ते नवऱ्याच्या पगारातून जातात.

पुढे पदवीचं प्रमाणपत्र आणायला बाळाला कडेवर घेऊन विद्यापीठात गेले. फीच्या खिडकीतल्या बाई माझे गुण बघून म्हणाल्या, "अहो, तुम्ही फी माफीला अर्ज का नाही केलात? यावर तर सगळी फी माफ झाली असती."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"कमाल आहे! कर्जाच्या ऑफिसवाल्यांना आम्ही दरवर्षी बोलावून समजावतो. फी माफी, शिकवण्याच्या कामाचा भत्ता, इथे नोकरी करत संध्याकाळचे वर्ग, सगळं." मग माझ्या तोंडाकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "पण त्यांना कमिशन मिळतं ते कर्जावर. माफीवर कोण देणार?"

मी घरी आले, बाळाला भरवलं, भांडी घासली. रडले वगैरे नाही. ज्याला तोंडाचा इतका अभिमान आहे त्याला तोंडानंच पाडायचं, एवढं मनाशी पक्कं केलं.

संधी चालून आली ती धाकटीमुळे. माझ्या धाकट्या बहिणीला रसायनशास्त्रात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. मामा दुसऱ्याच दिवशी पेढ्यांऐवजी माहितीपत्रकं घेऊन हजर. गहाण टाकायला आता बाबांकडे राहतं घर तेवढं होतं. दोन खोल्या आणि एक गच्ची.

मी धाकटीला म्हटलं, "तुला फी माफ होते. मी विचारून आलेय. तारीख अजून गेलेली नाही. शिवाय प्रयोगशाळेत मदतनीस घेतात, त्याचा पगार मिळतो."

"मामा म्हणाला तसलं काही नसतं."

"मामा खोटं बोलतो."

"तुला तुझं एक कर्ज सांभाळता आलं नाही, ताई. मला नको शिकवूस."

ती मला मारायला उठली असती तरी एवढं लागलं नसतं. पण एक कळलं. माझ्या तोंडून तिला पटणार नव्हतं. तिला मामाच्याच तोंडून ऐकवायला हवं होतं.

मामा दर शनिवारी ऑफिसात पालकांना बोलावून भाषण देतो. मी त्याला फोन केला, आवाजात साखर घालून. "मामा, धाकटीच्या कर्जावर बाबांची सही शनिवारी सगळ्यांसमोरच घे की. स्वतःच्या भाचीचं कर्ज म्हटल्यावर लोकांचा केवढा विश्वास बसेल!"

"अगं, डोकं आहे हां तुला! बाळंतपणात सगळं गेलं असं वाटलं होतं."

"छे रे. आहे थोडं."

ऑफिस औषधाच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं चढून जायचं. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर टोप्या उडवणाऱ्या मुलांचं चित्र, कोपऱ्यात मामी चहाचे कप मांडत होती. मी आधी खोलीभर नजर फिरवली. उघडा सॉकेट कुठाय, जिन्याचं दार लागतं का, खाली टाचणी पडलीय का. बाळाला दात येत होते, दिसेल ते तोंडात जात होतं. पहिल्या रांगेत बाबा इस्त्रीचा शर्ट घालून परीक्षेला आल्यासारखे बसले होते. शेजारी धाकटी. टेबलापाशी कर्ज देणाऱ्या कंपनीचा तरुण माणूस, गळ्यात ओळखपत्र.

मामानं भाषण आवरलं आणि बाबांच्या हातात पेन दिलं. "हे माझे भाऊजी. ही माझी भाची. स्वतःच्या घरात जे करत नाही, ते मी तुम्हाला सांगत नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी पेनचं टोपण काढलं. बाळ त्याच्याकडे झेपावलं, टोपण मी आधी मुठीत घेतलं आणि उभी राहिले.

घरी मी मामाला अरे-तुरे करते. त्या दिवशी म्हटलं, "मामा, एक मिनिट. जामीनदाराच्या जागी बाबांचं नाव चुकून पडलंय. तिथं तुमचं हवं."

"माझं?"

"तुम्हीच म्हणता ना, मी बसलोय. बाबांनी मागच्या वेळी तोच अर्थ घेतला होता. मग आज कागदावर बसा की. एवढे लोक साक्षीला आहेत."

मागे कुणीतरी "वा!" म्हणालं. मामा हसला, पण ओठ दातांवरून नीट सरकेनात. "अगं, नात्यातल्या माणसाला नियमानं जामीन राहता येत नाही."

कंपनीचा माणूस बिचारा नवा होता. उत्साहानं म्हणाला, "राहता येतं की सर! उलट तुमच्यासारखा जामीनदार असला तर आजच मंजूर होईल. घर स्वतःचं आहे ना?"

कोपऱ्यातून कप आदळल्याचा आवाज आला. "घर माझ्या नावावर आहे," मामी म्हणाली. "अहो, सही करून तर बघा. आज जेवायला घरी येऊच नका."

खोलीत हशा पिकला. मामाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मी बसले नाही. मागच्या रांगेतले एक ट्रकवाले काका मुलीला घेऊन आले होते. ते उठले. "साहेब, परवा मला पण तुम्ही हेच म्हणालात, मी बसलोय म्हणून. मग माझ्या मुलीच्या कर्जालाही तुम्हीच जामीन ना?"

"आणि आमच्या?" दुसऱ्या बाई.

"अहो, असं सगळ्यांना कसं... बोलायची पद्धत असते ती!"

"म्हणजे नुसतं बोलायचं होतं?" काकांनी विचारलं.

मामानं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत विनवणी होती. पलंगावर पडून मी ऐकलेलं ते हसू आठवलं आणि मला जराही दया आली नाही. मी गोड आवाजात म्हटलं, "मामांची अडचण समजून घ्या हो. घर गहाण टाकायला कुणाला आवडेल? मामा, तुमचं घर वाचवून धाकटीला शिकायचा दुसरा काही मार्गच नाही का?"

त्याला वाटलं, मी दोर टाकला. त्यानं तो घट्ट धरला.

"आहे ना! मुळात हिला कर्जाची गरजच नाही! हिच्या गुणांवर फी माफ होते. वर प्रयोगशाळेत काम केलं की राहण्या-खाण्याचं सुटतं. कशाला जामीन आणि कशाला काय!"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं.

खाली औषधाच्या दुकानाचं शटर कुणीतरी सरकवलं, त्याचा आवाज वरपर्यंत आला. धाकटी मामाकडे बघत होती. मग हळूहळू मान वळवून माझ्याकडे.

"ताईला किती गुण होते, मामा?" तिनं विचारलं. "माझ्याहून जास्त होते ना?"

मामा टेबलावरचे कागद सारखे करत राहिला.

ट्रकवाले काका मुलीला म्हणाले, "चल गं. आधी विद्यापीठात विचारू." खुर्च्या सरकल्या. कंपनीच्या माणसानं बॅग बंद केली. बाबा अजून पेन धरून होते. मी मुठीतलं टोपण त्यांना दिलं. त्यांनी ते बसवलं आणि पेन मामाच्या टेबलावर अलगद ठेवून दिलं.

जिन्यात बाबा म्हणाले, "तुझ्या आईचा भाऊ आहे तो. चारचौघांत एवढं करायला नको होतं."

"वसुलीवाला चारचौघांतच यायचा, बाबा."

 रस्त्यावर आल्यावर बाळाला त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि घरापर्यंत परत दिलं नाही.

धाकटीचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला. फी माफ झाली. सकाळी ती प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते, मग त्यांच्यातच प्रयोग करते. हात कोरडे पडलेत म्हणून कुरकुरते. मला सॉरी म्हणाली नाही, पण तिच्या पहिल्या पगारातून माझा एक हप्ता न सांगता भरला. मी भांडले. ती म्हणाली, "गप बस."

मामीनं आमच्याशी बोलणं टाकलंय. मामाला वाटलं, एका शनिवारी भागलं.

पुढच्या शनिवारी मी बाळाला घेऊन गेले आणि पहिल्या रांगेत बसले. मला बघताच त्यानं भाषण सुरुवातीलाच सोडलं. माझ्या खुर्चीपाशी येऊन कुजबुजला, "आता काय हवंय तुला?"

"काही नाही रे. माझे हप्ते चालू आहेत तोवर येत राहीन. ऐकायला."

तो टेबलामागे गेला. पाणी प्यायला. माझ्याकडे न बघता, बाळाकडेही न बघता, मान खाली घालून पालकांना म्हणाला, "कर्जाचं नंतर बघू. आधी फी माफीची माहिती देतो..."

मी हात वर केला. "मामा, मागे ऐकू येत नाहीये. मोठ्यानं सांगा."