उंच टायर

अश्फाकने मोटारसायकलच्या दोन्ही चाकांखाली लाकडी फळ्या सरकवल्या आणि हँडल धरून तो उभा राहिला.

"मोठा टायर बसला की गाडी येवढी वर येणार, काका. बसून बघा."

नाथाजी बसले. त्यांचे पाय टेकले. इस्लामपुरातल्या या दुकानात येणारी पोरं गाडी पळेल किती, तेवढंच विचारत. कुंडलच्या या निवृत्त सुभेदाराने मात्र सकाळपासून एकच धोशा लावला होता, हळू किती चालेल? अश्फाकला राहवेना.

"पर येवढं हळू जायचं कुटं?"

"पाटणच्या वर, हिच्या म्हायेराला. वाट म्हणायची, पर नुसतं धोंडं हायत."

चंद्राबाई दुकानाच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. नाथाजी फौजेत असताना त्या दरवर्षी पायी डोंगर चढून जात. गुडघे गेले आणि माहेर तुटलं. वर थोरली बहीण, रंगूबाई, एकटीच उरली होती. तिचं नाव निघालं की चंद्राबाईंचा घास घशाखाली उतरत नसे.

"धोंड्यात मोठाच बरा," अश्फाक म्हणाला. "बारका खाचंत अडकतो. मोठ्याला पयला गिअर जड जातो, तर मागची चेनची चक्री बदलू. काकू, तुमीबी बसून बघा की."

चंद्राबाईंनी सीट धरून पाय उचलला. तो फूटरेस्टपर्यंत पोचेना. पुन्हा उचलला, आणि ओठ मिटून खाली ठेवला.

"मग बारकाच टाक, गड्या," नाथाजी लगेच म्हणाले.

"मोठाच टाका," चंद्राबाई म्हणाल्या. "हितं कट्ट्यावरनं चढीन. वर काय, उतरायचंच हाय."

"आन परत येताना?"

चंद्राबाईंनी पदर सारखा केला.

"परतीचं मी कवा बोलले? आक्का एकटी हाय. आवं, तुमी फौजेत हुता तवा घर मी राखलं. आता थोडं तुमी राखा."

जायचं कसं, याचा नाथाजींनी महिनाभर खल केला होता. बायकोला राहायचं किती, हे विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी नव्या टायरची नक्षी अंगठ्याने दाबून पाहिली, जरा जास्तच वेळ.

"मोठाच टाक, अश्फाक. चक्रीबी बदल. आन एकट्यानं उतरताना हवा किती ठेवायची, तेबी सांग."