पाला हिरवा असताना

रुक्मिणीबाईंनी कुदळ घातली, बटाट्याचं झाड मुळासकट उपटलं आणि माती झटकून लेकीच्या पुढ्यात टाकलं.

"आई, थांब की," मंजुषा म्हणाली. "पाला हिरवागार हाय अजून. आत्ताच कामून काढायलीस?"

"झालेत आता."

मंजुषानं एक बटाटा उचलून अंगठ्यानं चोळला. कोवळी साल लगेच सुटून आली. पाला पिवळा पडून आडवा झाल्याशिवाय वाफ्याला हात लावायचा नाही, हे तिला याच परसात आईनंच शिकवलं होतं. पण म्हातारीची कुदळ पुढच्या झाडापाशी पोचली होती. मंजुषा खाली बसून मातीतले बटाटे वेचू लागली.

परवा आदिनाथचा फोन आला होता. "आक्का, बटाटे काढायचेत. आई म्हणती, मंजूला बोलव." आप्पा गेल्यापासून धाकट्या भावानं आपणहून केलेला हा पहिलाच फोन. नवरा म्हणाला होता, "बाजारात बटाट्याचे ढीग पडलेत, त्यासाठी एवढ्या लांब जातीस?" ती नुसती हसली होती. भावजयीला साडी घेतली, चौसाळ्याहून निघाली आणि गाड्या बदलत काल संध्याकाळी माहेरी पोचली.

दिपाली चहा घेऊन परसातच आली. "आक्का, उन्हात कशाला बसलाव? मी काढते की." आजवर भावजय इतकी गोड कधी बोलली नव्हती. मंजुषाला भरून आलं. चहा पिता पिता ती आप्पांच्या आठवणी सांगत राहिली. चुलीच्या राखेत बटाटे भाजून, सोलून, आधी लेकीच्या हातावर ठेवायचे आप्पा. रुक्मिणीबाई हूं हूं करत होत्या. एका घावात त्यांनी चांगल्या मोठ्या बटाट्याचे दोन तुकडे केले. बटाट्याला साधा ओरखडाही न उठू देणारी बाई. मंजुषानं चमकून पाहिलं, पण वय झालं आता, असं मनाशी म्हणून तिनं दोन्ही तुकडे वेचले.

जेवणं झाल्यावर आदिनाथ इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला.

"आक्का, आष्टीला जाऊन येऊ जरा. आधार कार्ड हाय ना जवळ?"

"आधार कशाला?"

"आप्पांच्या जमिनीचं काम हाय. तुझी सही लागती." तो पायातली चप्पल सारखी करत राहिला. "हक्कसोडपत्र करायचं हाय."

मंजुषानं आईकडे पाहिलं. रुक्मिणीबाई नखातली माती काढत बसल्या होत्या.

"तुला ठावं होतं, आई?"

म्हातारी हळूच म्हणाली, "त्येनं आजची तारीख घेतली. मग बटाटेबी आजच काढावे लागले."

मंजुषाच्या मनात आलं, मागितलं असतं तर दिलं नसतं का मी? पण तिला गावातली वनमाला आठवली. तिनं भावांकडं वाटा मागितला होता. वाटा मिळाला, पण आई वारली तेव्हा तिला कुणी निरोपसुद्धा दिला नाही.

"भावाचं घर उघडं राहिलं पाहिजे बाई," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मी आज हाय, उद्या न्हाई."

मंजुषा उठली. चूळ भरली, पदर नीट केला. दोन दिवस राहायचं म्हणून आणलेली तिची कपड्यांची पिशवी दिपालीनं आधीच ओट्यावर आणून ठेवली होती. "तिकडून गाडी सोपी पडती, आक्का," ती म्हणाली.

आष्टीच्या कचेरीतल्या माणसानं सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, "स्वखुशीनं देताय ना, ताई? कुणाची जबरदस्ती नाही?"

"न्हाई," मंजुषा म्हणाली. तिनं अंगठा टेकवला, फोटोसाठी मान वर केली. आदिनाथनं मोठा श्वास सोडला. बाहेर आल्यावर त्यानं आग्रहानं रस पाजला, मोटारसायकलला बांधलेलं बटाट्याचं पोतं स्वतः उचलून एसटीत चढवलं आणि खिडकीपाशी येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा हलका झाला होता. लहानपणी तिच्या कडेवर असताना दिसायचा तसाच.

"आक्का, कोवळे हायत, लौकर संपव," तो म्हणाला. "आन् पुढच्या साली एवढा हेलपाटा घालून येऊ नको. मीच धाडून देत जाईन."

तो हे प्रेमानंच बोलला. मंजुषानं मान हलवली. आदिनाथनं गाडीला किक मारली आणि वळणावर दिसेनासा झाला.

"कुणाचं हाय हे पोतं? वाटंतून काढा," कंडक्टरनं दारातून आवाज दिला.

मंजुषा खिडकीबाहेर बघत राहिली. कंडक्टरनं पुन्हा विचारलं.